चौकीतले मूल आणि आपला हात



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, विहारातील वंदना आटोपल्यावर, आमच्या वस्तीतील एक माउली माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्याबरोबर तिचा १४ वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव मी येथे देत नाही. कायदा ते देऊ देत नाही, आणि माझ्या मनालाही ते पटत नाही. आदल्या गुरुवारी एका दुकानातून मोबाईल चोरल्यावरून पोलीस त्याला घेऊन गेले होते. त्याने मोबाईल चोरला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. तो त्याच्याजवळच सापडला. रात्रभर त्याला चौकीत बसवून ठेवले आणि तळहात व तळपाय पट्ट्याने फोडून काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी, "पुन्हा दिसलास तर बघ," असे सांगून सोडून दिले. कागदावर कोठे काही नोंद नाही.

विहारात चर्चा सुरू झाली. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, चोरीच केली होती ना? चार फटके बसले तर बिघडले काय? सुधारेल." एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, "पोलीस आपले कधीच नव्हते, आजही नाहीत. मोर्चा काढा." दोघेही आपलेच. दोघांच्याही बोलण्यात अनुभव होता. परंतु त्या रात्री घरी परतताना मला वाटले की, ह्या दोन्ही उत्तरांत त्या मुलाचा विचार कोणीच केलेला नाही. एकाने त्याची चूक पाहिली, दुसऱ्याने पोलिसाची खाकी पाहिली. मूल तसेच राहिले.

म्हणून हा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. मूल चुकले असेल, तर त्याच्यावर बळ वापरणे योग्य आहे काय? आणि असेल तर कोणते बळ, किती, आणि कोठपर्यंत?

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, बौद्ध झालो म्हणजे कोणत्याही प्रकारचे बळ आपल्याला वर्ज्य झाले. परमपूज्य बाबासाहेबांनी धम्म आपल्याला असा दिलेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला. मारण्याची गरज ही एक गोष्ट आहे आणि मारण्याची इच्छा ही दुसरी. तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे. कारण तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि नियम विचार थांबवतो. बुद्ध आणि कार्ल मार्क्स ह्यांची तुलना करणाऱ्या निबंधातही त्यांनी शक्ती आणि हिंसा ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविल्या आहेत. न्यायासाठी शक्ती लागेल; परंतु शक्ती वापरली म्हणजे ती आपोआप न्याय्य ठरली, असे नव्हे.

ही कसोटी हातात घेऊन त्या चौकीत जाऊ या. मुलाला पकडताना तो पळाला असेल, हवालदाराने त्याचा दंड धरला असेल. ती गरज होती असे मानू. मोबाईल परत मिळाला. मुलगा जमिनीवर बसला. त्याच्या हातात शस्त्र नाही, अंगात ताकद नाही, पळायला वाट नाही. ह्या क्षणी गरज संपली. त्यानंतर जो पट्टा उचलला गेला तो कोणत्या गरजेने? तेथे केवळ इच्छा उरते. राग असेल, सवय असेल, किंवा 'ह्या वस्तीतली पोरे अशीच' हा मनात घर करून बसलेला जुना समज असेल. मुलगा निर्दोष असता तरी ती हिंसाच होती, आणि तो दोषी होता तरीही ती हिंसाच आहे. त्याच्या चोरीने पट्ट्याचे रूप बदलत नाही.

येथपर्यंत विचार सोपा आहे. परंतु सोप्या उदाहरणावर तत्त्वाची परीक्षा होत नाही, म्हणून एक अवघड उदाहरण घेतो. ते दूरचे आहे, अमेरिकेतले. बाबासाहेबांनी १९४६ साली तेथील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस ह्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही तेथील ब्लॅक पँथरवरून आलेले. तेव्हा तेथले दुःख आपल्याला अगदीच परके नाही.

२० एप्रिल २०२१ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस शहरात माखिया ब्रायंट नावाची १६ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी पोलिसाच्या गोळीने मेली. त्याच दुपारी जॉर्ज फ्लॉईड ह्या कृष्णवर्णीय माणसाच्या खुनाबद्दल एका पोलिसाला दोषी ठरविल्याचा निकाल जाहीर होत होता. सारा देश त्या निकालाकडे डोळे लावून बसला असताना हे घडले. घराबाहेर भांडण चालू होते. भांडणाचे मूळ काय, तर घर नीट स्वच्छ न ठेवणे. मदतीसाठी पोलिसांना फोन गेला. पोलीस गाडीतून उतरला तेव्हा माखियाच्या हातात सुरी होती आणि ती दुसऱ्या एका तरुणीवर धावून जात होती. उतरल्यापासून काही सेकंदांत त्याने चार गोळ्या झाडल्या. मार्च २०२२ मध्ये तेथील ग्रँड ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या पंचमंडळाने, त्याच्यावर खटला भरण्यास नकार दिला.

आता सांगा, बाबासाहेबांनी दिलेली कसोटी येथे काय म्हणते? सुरी खरी होती. जिच्यावर ती उगारली होती तिचा जीवही खराच होता, आणि तीही कोणाची तरी लेकच. त्या क्षणी गोळीवाचून दुसरा मार्ग होता काय, ह्यावर तेथील लोकांत आजही दोन मते आहेत. मी दूर बसलेला शाळामास्तर आहे. त्या काही सेकंदांचा निवाडा मी करीत नाही. वादासाठी आपण मान्य करू की त्या क्षणी गरज होती. मग प्रश्न संपला काय?

बंधूंनो, माझ्या मते प्रश्न तेथे सुरू होतो. माखिया ज्या घरात राहत होती ते तिचे घर नव्हते. आईबापांकडे राहणे अशक्य झालेल्या मुलांना तेथील सरकार आपल्या देखरेखीखाली परक्या कुटुंबांत ठेवते आणि त्या कुटुंबांना पैसे देते. तिला व तिच्या भावंडांना आधी आजीने सांभाळले होते. परंतु घरमालकाने आजीला जागा सोडायला लावली आणि मुले सरकारच्या ताब्यात गेली. त्यानंतरच्या सुमारे दोन वर्षांत माखियाने किमान पाच ठिकाणे बदलली. घटनेच्या काही आठवडे आधी तिच्या धाकट्या बहिणीने स्वतः पोलिसांना फोन करून, मला ह्या घरातून हलवा, अशी विनवणी केली होती. तरीही मुली त्याच घरात राहिल्या.

म्हणजे पाहा. गोळी झाडण्याची 'गरज' त्या काही सेकंदांत आकाशातून पडली नाही. ती दोन वर्षे घडत होती. आजीला परवडणारी एक जागा मिळाली असती तर, पाचाऐवजी एकच घर मिळाले असते तर, बहिणीच्या फोनवर कोणी उठून गेले असते तर, त्या दुपारी सुरीही नसती आणि गोळीही नसती. न्यायालय त्या काही सेकंदांचा हिशेब करते. त्याचे काम तेवढेच. धम्म मात्र विचारतो की, हे कशामुळे उत्पन्न झाले? हे असताना ते होते, हे नसताना ते होत नाही, अशी कारणांची साखळी तथागतांनी आपल्याला शिकविली. जी व्यवस्था मुलाकडे दोन वर्षे पाठ फिरविते आणि शेवटच्या क्षणी बंदूक घेऊन येते, तिला 'गरज होती' एवढे म्हणून सुटता येणार नाही. ती गरज तिनेच निर्माण केली होती.

यावर तुमच्यापैकी कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की, "गुरुजी, असे कारणांच्या मागे कारण शोधत गेलो तर शेवटी दोषी कोणीच उरणार नाही. चोरी करणारा म्हणेल गरिबीने केले, मारणारा हवालदार म्हणेल कामाच्या ताणाने केले." ही शंका खरी आहे. तिचे उत्तरही धम्मातच आहे. तथागतांनी चेतनेला, म्हणजे मनातील हेतूला, कर्म म्हटले आहे. कारणे दाखविल्याने हेतू पुसला जात नाही. आमच्या मुलाने मोबाईल उचलला, त्याचा हेतू त्याचा. त्याने माफी मागितली पाहिजे. पट्टा उचलणाऱ्याचा हेतू त्याचा, आणि त्याची चौकशी झाली पाहिजे. ज्यांनी पाठ फिरविली, त्यांचा दोष त्यांचा. दोष ही काही भाकरी नव्हे की वाटेकरी वाढले म्हणून प्रत्येकाच्या ताटात तुकडा लहान यावा. प्रत्येकाचा दोष त्याच्याकडे पुरा राहतो.

राज्याने आधी काय करावे आणि मग काय, हेही बुद्धवचनात आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात एका राजाची कथा येते. राज्यात चोर-लुटारू माजले होते. पुरोहित राजाला सांगतो की, वध, बंधन, दंड आणि हद्दपारी ह्यांनी ही पीडा संपणार नाही. जे उरतील ते पुन्हा छळतील. शेती करणाऱ्याला बी आणि चारा द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या; मग लोक आपापल्या कामात गढून जातील आणि राज्य शांत होईल. त्याच निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली आहे. राजाने दरिद्री लोकांना धन देण्याचे कर्तव्य टाळले. दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शिरच्छेद, आणि राजाने शस्त्र चालविलेले पाहून प्रजेनेही शस्त्रे केली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. आधी पोट आणि आधार, दंड त्यानंतर. हा क्रम उलटला की दंडच गुन्ह्याला जन्म देऊ लागतो.

आपल्या देशात हा क्रम कसा उलटला होता, हे आपल्या शेजारच्या पालांतील माणसांना विचारा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १८९७ च्या दुरुस्तीने त्यांची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची सोय केली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण मूल पाहण्याआधी त्याची जात आणि वस्ती पाहणारी नजर कायद्याच्या पुस्तकाबरोबर रद्द झाली नाही.

आजचा कायदा मात्र चांगला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदाने बालकांना शोषणापासून आणि नैतिक व भौतिक दुर्लक्षापासून जपण्याचे धोरण राज्यावर सोपविले आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील कोणत्याही मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचे. आईवडिलांना कळवायचे. बेडी घालायची नाही, मुलावर बळजबरी करायची नाही, हे २०१६ च्या नियमांत आहे. संस्थेत डांबणे हा शेवटचा उपाय समजायचा, असेही कायदा म्हणतो.

"असला मऊ कायदा काय कामाचा?" असे लोक म्हणतात, आणि पुण्याचे उदाहरण देतात. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात एका १७ वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुलगा श्रीमंत घरचा. काही तासांतच त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये एक अट होती ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. पुढे लोकक्षोभ झाला, मुलाला निरीक्षणगृहात पाठविले, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टरांनाही अटक झाली. लोकांचा राग मी समजू शकतो. दोन घरांतील तरुण मुले गेली होती. परंतु त्या रागातून आपण कोणते मागणे मागणार? श्रीमंताच्या मुलालाही पट्ट्याने मारा, हे? की आमच्या वस्तीतील मुलालाही मंडळापुढे न्या, त्यालाही वकील द्या, त्याचेही वय विचारा, हे? मऊपणा हा कायद्याचा दोष नव्हे. तो मऊपणा एकाच्या वाट्याला यावा आणि दुसऱ्याच्या वाट्याला पट्टा यावा, हा दोष आहे. समतेचा अर्थ सर्वांना सारखे फटके असा होत नाही.

आता सर्वांत अवघड भाग सांगतो. त्या रविवारी मी मुलाला बाजूला घेऊन विचारले, "कोणी मारले, नाव सांगशील?" तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीबी मारलं होतं ना, सर."

मला काही बोलता येईना. तो सहावीत असताना वही आणली नाही म्हणून मी त्याला दोन थपडा मारल्या होत्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा करायला बंदी केली आहे, हे मला ठाऊक होते. सातवीच्या मध्यावर तो येईनासा झाला. बाप वारलेला, आई पहाटे धुणीभांड्यांना जाणारी, मुलगा एका गॅरेजवर कामाला लागला. हजेरीपत्रकावर मी त्याच्या नावापुढे रोज 'गैरहजर' लिहीत राहिलो. शाळेपासून त्याचे घर १० मिनिटांच्या वाटेवर आहे. मी एकदाही गेलो नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझ्या वेळी माझे गुरुजी दोनदा आमच्या दाराशी आले नसते, तर मीही सातवीतच संपलो असतो. हे सर्व आठवत असूनही मी गेलो नाही.

कोलंबसच्या सरकारने दोन वर्षे पाठ फिरविली, असे मी वर मोठ्या तोऱ्याने लिहिले. आमच्या गावात ती पाठ माझी होती. पोलिसाचा पट्टा हे त्या साखळीचे शेवटचे टोक. पहिल्या टोकाशी एक थप्पड आहे, एक न आणलेली वही आहे, आणि एक मास्तर आहे. त्यामुळे पोलीस निर्दोष ठरत नाही. मी सदोष ठरतो.

म्हणून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना माझी हात जोडून विनंती आहे. आपण देव्हारे उतरविले, नवस सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. आपली मुले त्या प्राणिमात्रांत येत नाहीत काय? "मारल्याशिवाय पोर सुधारत नाही," हे वाक्य आपल्याला धम्माने दिलेले नाही. ज्यांनी शतकानुशतके आपल्याला मारले, त्यांच्या तोंडचे ते वाक्य आहे. तेच घरात आपण मुलाला ऐकवितो आणि मग चौकीत तेच ऐकू आले की आपल्याला ते योग्य वाटते. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना चार फटके गैर वाटले नाहीत, ते ह्याच सवयीमुळे.

काही साध्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. वस्तीतले मूल आठ दिवस शाळेत दिसले नाही, तर विहारातून कोणीतरी त्याच्या घरी जावे. मुलाला पोलीस घेऊन गेले, तर दोघांनी लगेच मागे जावे, जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला बरोबर न्यावा, आणि नम्रपणे पण ठामपणे बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारावे, २४ तासांच्या नियमाची आठवण द्यावी. मारले असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासून कागद घ्यावा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर असावा. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, हे आईबापांना सांगावे. ह्यात चोरी झाकण्याचा प्रश्न नाही. चूक झाली असेल तर मुलाने ती कबूल करावी. परंतु ती कबुली त्याच्या तळपायांतून काढली जाऊ नये.

आम्ही वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे. उत्तर अजून आलेले नाही. मुलगा त्या दुकानदाराकडे गेला, मी बरोबर होतो. त्याने मान खाली घालून माफी मागितली आणि दुकानदाराने ती स्वीकारली. त्या आधी मी त्याची माफी मागितली, विहारात, त्याच्या आईसमोर. तो काही बोलला नाही. माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. ते ठरविण्याचा हक्क त्याचा आहे.

सध्या संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत तो येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी मी चप्पल घालून त्याच्या घराकडे निघतो. १० मिनिटांची तर वाट आहे.

जयभीम!